माहेरचा गाळ

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत उभी होते. एक बाई मागून येऊन आपला डबा पुढं सरकवत होती आणि तिला चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलंच होतं. फोनवर संतोष होता, अण्णांचा मुलगा. "आत्या, अण्णा गेले," एवढंच म्हणाला. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी "बरं" म्हटलं, फोन पिशवीत टाकला आणि तिथंच उभी राहिले. त्या बाईनं माझ्या आधी आपलं दळण दळून नेलं, मी नेऊ दिलं. माझी पाळी आली, पीठ झालं, डबा उचलला, रिक्षा केली, घरी आले... आणि डबा ओट्यावर ठेवताना पहिल्यांदा रडू आलं. आपला थोरला भाऊ गेल्याचं कळल्यावर माणूस दळण टाकून पळत का सुटत नाही, मला अजून कळलेलं नाही. थकवा असेल. गेली कित्येक वर्षं अण्णांच्या मागं आम्ही सगळेच थकलो होतो, आणि सगळ्यांत जास्त थकले होते ते स्वतः.

आमचं माहेर तुळजापूरच्या पुढं, तामलवाडीच्या अलीकडं, मोठा रस्ता सोडून जरा आत. मी धाराशिवहून पोचले तेव्हा माझ्यासाठीच थांबले होते. अण्णांना शेतातच अग्नी दिला. सरण पेटल्यावर माणसं लांब बांधावर टेकून हळू आवाजात बोलायला लागतात, तशी बोलत होती. भावकीतला एकजण रस्त्याकडच्या पडीक तुकड्याकडं बघत दुसऱ्याला म्हणाला, "आता ही पड मोकळी झाली म्हणायची. रस्त्याला लागून हाय, धाबा मस्त चालंल हितं." माझ्या कानावर ते पडलं. आमच्या घरात सगळ्यांनाच राग लवकर येतो, मला जरा जास्तच. मी त्याला जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. कारण त्या पडीखाली काय आहे हे त्याला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. आमच्या तलावातला विषारी गाळ त्या अर्ध्या एकरात पुरलेला आहे. अण्णांनी पुरलेला. धाब्याच्या पायासाठी तिथं जेसीबी लागला तर जे जमिनीखाली गेलंय ते सगळं पुन्हा वर येणार. आणि सरण अजून धड पेटलंही नव्हतं!

तो तलाव म्हणजे आमच्यासाठी नुसतं पाणी नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आईनं त्याच्या बांधावर टोपली वाहिली होती. मी लहान, अण्णा माझ्याहून बरेच थोरले, ते मला काखेत मारून कामावर घेऊन जायचे, कारण तिथं सुकडी मिळायची. आपल्या वाटणीची सुकडी ते मला द्यायचे आणि वर "तुला जास्त भूक लागती, तू भांडखोर हाईस" असं म्हणायचे. पुढं तलावात पाणी आलं, गावात विहिरींना झरे फुटले, आणि आई कधी त्या बांधावरून चालली की पायानं माती दाबून बघायची, घरातली भिंत बघावी तशी. अण्णांनी ती सवय उचलली. तामलवाडीच्या स्टँडजवळ त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी घेऊन शेतकरी यायचे. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता अण्णा प्रत्येकाला विचारायचे, पाणी किती खाली गेलं? आणि उत्तर ऐकून तलावाला शिव्या घालायचे. तलाव गाळानं भरलाय, त्याला रिकामं केल्याशिवाय मोटारी जळायच्या थांबणार नाहीत, हा त्यांचा सिद्धांत. मोटारी जळल्या नाहीत तर दुकान बंद पडेल, हे वहिनी त्यांना सांगायच्या. त्यावर ते नुसते हसायचे.

मग एका उन्हाळ्यात तलाव पार कोरडा पडला आणि अण्णांनी गाव उठवलं. सरपंच नाही, मेंबर नाही, कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण त्या उन्हाळ्यात गावात अण्णांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. पोकलेन आणलं, ट्रॅक्टरांच्या रांगा लावल्या, स्वतः डोक्याला टॉवेल गुंडाळून दिवसभर लिंबाखाली बसून कुणाची ट्रॉली आधी आणि कुणाची नंतर हे ठरवत होते. तलावाचा गाळ म्हणजे शेताला दूध पाजल्यासारखं, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यात वरचा नाला जिथं तलावाला मिळतो, त्या कोपऱ्यातला गाळ काय सांगावा... काळाभोर, मऊ, हातात घेतला की लोण्यासारखा. त्याच्यावरून भांडणं लागायची वेळ आली. तेव्हा अण्णांनी निकाल दिला, "ह्यो कोपरा कुणाचाच न्हाई. ह्यो गावच्या लेकींचा." गावातून लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक लेकीच्या सासरी एक एक ट्रॉली पोचवायची. माहेरचा गाळ! लोकांनी अण्णांना डोक्यावर घेतलं. ट्रॉलीवर हळदकुंकू वाहून, हलगी लावून ती माती लेकींच्या दारात ओतली. आमच्यासारख्या शहरातल्या लेकींना पोत्यातून आली. माझ्या गच्चीवर त्या मातीत मी पुदिना आणि मेथी लावली होती, आणि शेजारणींना मुद्दाम वर नेऊन दाखवत होते.

त्या लेकींत अण्णांची मनी होती. मनीषा तिचं नाव, पण आम्ही मनीच म्हणतो. तीन-चार गावं ओलांडून दिलेली. तिनं त्या गाळाची नवी चूल घातली, भिंती सारवल्या, दारातल्या वाफ्यात वांगी लावली. पुढच्या सालात तिला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते मातीचे. आपल्याकडं कितीतरी बायकांना लागतात, कुणी चुलीची खपली खातं, कुणी पाटीवरची पेन्सिल. वहिनी फोनवर तिला रागवायच्या. पण अण्णा! लेकीनं मागितलं आणि अण्णांनी दिलं नाही असं कधी झालंच नव्हतं. त्यांनी त्या कोपऱ्यातलाच उरलेला गाळ चाळून, मळून, त्याच्या बोटाएवढ्या वड्या केल्या, तव्यावर खरपूस भाजल्या आणि डब्यात भरून स्वतः मनीला नेऊन दिल्या. "भाजलीय, बाधायची न्हाई," म्हणाले. पहिल्या सरीत येतो तसा वास होता म्हणे त्या वड्यांना. मनी आवडीनं खायची.

तिला मुलगी झाली. गौरी. पोरगी दिसायला छान, पण फिकट, किरकिरी, पोट धरून रडायची, आणि बोलायला लागायच्या वयात बोलेना. इथं दाखव, तिथं दाखव, येरमाळ्याला येडेश्वरीला जाऊन नवस बोलून आले, शेवटी सोलापूरच्या एका लेकरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची निराळीच तपासणी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर त्या बाईंनी विचारलं, "तुमच्या घरात कुणी जुन्या बॅटऱ्यांचं काम करतं का?" मनीच्या नवऱ्यानं नाही म्हणून सांगितलं. अण्णा सोबत होते. ते बाकावर बसले आणि बसूनच राहिले. गौरीच्या रक्तात शिसं होतं, आणि शिसं कुठून आलं असेल हे त्या खोलीत एकट्या अण्णांच्या ध्यानात आलं होतं.

त्याचं असं आहे. मोठ्या रस्त्याच्या कडेला, आमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला, एकेकाळी पत्र्याचं एक शेड होतं. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या तिथं फोडायचे, आतलं शिसं भट्टीत वितळवायचे आणि राहिलेलं पाणी, राख, चुरा सगळं नाल्यात लोटून द्यायचे. गावातली काही माणसं तिथं कामाला होती. त्या बॅटऱ्यांच्या रिकाम्या खोक्यांत आम्ही तुळशी लावल्या, कोंबड्यांना पाणी ठेवलं. पुढं शेड बंद झालं, मालक कुठल्या कुठं गेला, पत्रे लोकांनी काढून नेले आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. नाला मात्र विसरला नव्हता. वरून आणलेलं सगळं त्यानं तलावाच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. आणि जो गाळ जितका बारीक, जितका मऊ, तितकं शिसं त्याला जास्त चिकटतं, हे नंतर आम्हाला एका कॉलेजच्या सरांनी सांगितलं. त्यांनी बरण्या भरून नमुने नेले, तपासले. बाकीचा तलाव ठीक निघाला. वाईट होता तो तेवढा एक कोपरा. आम्ही हलगी लावून वाटलेला.

मला तेव्हा वाटलं होतं की उरलेला सगळा कोपरा खणून लांब कुठं टाकून द्यायचा, संपलं. सर म्हणाले, तीच चूक करू नका. पाण्याखाली बसलेला गाळ शांत असतो, ढवळला की पाण्यात मिसळतो, वाळला की धुरळा होऊन नाकातोंडात जातो. आणि काढून ठेवणार कुठं? ज्याच्या रानात टाकाल त्याचं रान गेलं. त्यापेक्षा तलाव कोरडा पडेल तेव्हा त्या कोपऱ्यावर चांगल्या चिकणमातीचा आणि मुरमाचा जाड थर द्या, दगडानं बांधून घ्या आणि परत कधी खणू नका. जो गाळ आधीच बाहेर गेलाय तो जमेल तेवढा गोळा करून, खालून वरून प्लॅस्टिक घालून, वर चिकणमाती दाबून एका खड्ड्यात पुरा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ज्या माणसानं हयातभर तलाव खणा म्हणून घसा कोरडा केला, त्याला आता खणू नका म्हणून सांगत फिरायचं होतं. आणि जो गाळ लेकींना आहेर म्हणून दिला, तो त्यांच्या सासरी जाऊन परत मागायचा होता.

आहेर परत मागणारा बाप तुम्ही कधी बघितलाय? मी बघितलाय. बाईमाणूस सोबत असलं तर विहिणींशी बोलायला बरं, म्हणून अण्णा मला एक-दोन ठिकाणी घेऊन गेले. एका घरी आम्ही गेलो तर चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, आणि अण्णांनी विषय काढला. विहीणबाई आधी समजल्याच नाहीत. समजल्यावर उभ्या राहिल्या.

"दिलेली माती परत न्यायला आलाव व्हय पाव्हणं? आवं, वांगी बघा की येऊन, कशी लगडल्यात!"

"बाई, वांग्याला काय होत न्हाय. खाणाऱ्याला होतंय. लेकरं त्या मातीत खेळत्यात, हात तोंडात घालत्यात..."

"मग चोळीबांगडी बी न्या की परत. आन् लेकबी न्या संगं!"

लेक दारामागं पदर तोंडात धरून उभी. माझं डोकं सणकलं होतं, मी काहीतरी बोलणार तेवढ्यात अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "लेक तुमची हाय बाई. माती माझी हाय. तेवढी द्या, मी दुसरी आणलीय." खरंच आणली होती. बाहेर ट्रॉलीत त्यांच्या वरच्या रानातली, चांगली, काळी माती होती. प्रत्येक दारात जेवढी उचलली तेवढी आपली ओतली, आणि त्यापायी त्यांचं वरचं रान खरवडून खडकाला लागलं. वाफ्यांतली, अंगणातली, चुलींची, कुंड्यांतली माती ते पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून भरायचे. जी नांगरटीत मिसळून गेली होती ती गेली. ती परत येत नसते. तिथं ते नुसतं सांगायचे की पालेभाजी लावू नका, लेकरांचे हात धूत जा, आणि खाली मान घालून ट्रॅक्टरवर बसायचे.

माझ्याकडंही आले. गच्चीवर गेले, पुदिन्याच्या कुंड्या एकेक करून पोत्यात उलथ्या केल्या. मी म्हटलं, "अण्णा, माझ्या घरात ना लेकरू ना बाळ, राहू द्या की एखादी! एवढा छान फुललाय..." त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "तूच ऱ्हायलीस तर मग बाकीच्यांना कोणत्या तोंडानं मागू?" आणि ती फुललेली कुंडीही उलथी केली. मी रागानं त्यांना चहा दिला नाही. त्यांनी स्वतः करून घेतला आणि मलाही अर्धा कप आणून दिला.

गावानं मात्र पाठ फिरवली. बरोबरच होतं म्हणा त्यांचंही. आमच्या गावची भाजी सोलापूरच्या बाजारात जाते. तलावात विष आहे असं एकदा बाहेर पडलं की चांगल्या रानातली मेथी तरी कोण घेणार? "अण्णा, मुकाट्यानं बसा की," असं लोक आधी हात जोडून म्हणाले, मग ओरडून म्हणाले, मग म्हणायचं सोडून दिलं. दुकानावर मोटारी यायच्या कमी झाल्या. ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं तेच "म्हाताऱ्याला येड लागलं" म्हणायला लागले. परत आणलेला गाळ ठेवायला गायरानात जागा द्यायला सगळ्यांनी नकार दिला, तेव्हा अण्णांनी रस्त्याकडचा आपलाच अर्धा एकर खणला. त्यात सर म्हणाले तसं सगळं केलं, गाळ पुरला, वरून चिकणमाती धुमसानं ठोकून घट्ट केली, आणि कडेनं दगड लावले. दरवर्षी पावसाळ्याआधी ते तिथं जाऊन उंदरांची बिळं बुजवायचे, भेगा लिंपायचे, उगवलेली झाडं मुळं खोल जायच्या आत उपटायचे. गावची माणसं रस्त्यानं जाताना हसायची.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण मनीचं काय करायचं? मनी भांडली नाही, ओरडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच केलं की त्यानंतर माहेरचं काहीही घ्यायचं बंद केलं. सणाला यायची, दोन दिवस राहायची, सगळ्यांशी बोलायची, गौरीला मात्र आपल्या घरून आणलेलंच खाऊ घालायची. निघताना वहिनी ओटी भरायला तांदूळ घेऊन उभ्या राहिल्या की म्हणायची, "ऱ्हाऊ दे आई, पिशवीत जागा न्हाय." शेंगा नको, डाळ नको, लुगडं नको. एकदा अण्णांनी बाजारातून बंद डब्यातली मिठाई आणून दिली, तीही ती ओसरीवर विसरून गेली. विसरली नव्हती, सगळ्यांना कळत होतं. तो डबा आठवडाभर तिथंच होता, वहिनींनी तो उचलला नाही आणि अण्णांनी तो उघडला नाही. गौरी पुढं हळूहळू बोलायला लागली. औषध झालं, खाणंपिणं सुधारलं, आता शाळेत जाते. अभ्यासात मागं आहे. शिशानं की मुळातच, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की झालेलं पुसता येत नाही, पुढचं थांबवता येतं. अण्णांनी त्यातला पहिला अर्धाच ऐकला असावा.

राहिला तलावाचा कोपरा. त्यासाठी अण्णांनी धाराशिवच्या ऑफिसांचे उंबरे झिजवले, आणि मुक्काम माझ्याकडं. सकाळच्या एसटीनं यायचे, भाकरी खायचे, जायचे, संध्याकाळी चपला घासत परत यायचे. "काय झालं अण्णा?" "साहेब मीटिंगला." पुढच्या खेपेला, "ह्ये आमच्याकडं येत न्हाय, त्यांच्याकडं जावा." त्यांच्याकडं गेलं की ते म्हणायचे, आम्ही गाळ काढायची योजना राबवतो, गाळ झाकायची योजना आमच्याकडं नाही. मी चिडून म्हणायचे, सोडा हो, गावाला नको तर तुम्हाला कशाला पाहिजे? ते अंथरुणावर पाय दाबत बसायचे. मलाही कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. भाऊ आला की आनंद व्हायचा ते दिवस गेले, भाऊ आला की ऑफिस आलं असं झालं होतं. शेवटी एक तरुण साहेब बदलून आले. त्यांनी कागद वाचले, बरण्यांचे अहवाल बघितले, आणि पुढच्या कोरड्या उन्हाळ्यात त्या कोपऱ्यावर खरोखर मुरमाचा आणि चिकणमातीचा थर पडला, दगडांची कड बांधली गेली. नाल्याच्या तोंडाशी वरचा चुरा अडवायला छोटा बांध घातला. गावातलं कुणी बघायला आलं नाही. अण्णा एकटे दिवसभर उभे होते. संध्याकाळी मला फोन केला, "झाकलं गं शालन." मला वाटलं आता ते खूश होतील, बोलतील काहीबाही. ते म्हणाले, "ठेवतो, पाय लई दुखतायत."

आमची शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी महिनाभर झाली असेल. काही काम नव्हतं, सहज आले होते. गच्चीवर सतरंजी टाकून बसलो. मी नव्या मातीत पुदिना लावलाय, तो त्यांनी चुरगाळून हुंगला. मग म्हणाले, "शालन, कोपऱ्याची चिंता न्हाई. त्यावर पाणी हाय, सरकारी दगड हायत. त्या पडीचं काय? मी हाय तवर ठीक. संतोष चांगला हाय, पर त्याला वाटतंय रस्त्याची जागा वाया चालली. त्याचंबी काय चुकतंय? उद्या कुणी पाया खणला..." मी म्हटलं, होईल काहीतरी, तुम्ही आधी जेवून घ्या. ते म्हणाले, "शिसं कुजत न्हाय गं. म्या कुजंन, ते न्हाय कुजत." मी त्यांच्यावर ओरडले, भरल्या घरात असलं बोलतात का म्हणून. घर काही भरलेलं नव्हतं, आम्ही दोघंच होतो. ते हसले आणि दोन भाकरी खाऊन झोपले.

तेराव्याला सगळे जमले होते. पाहुणे पांगल्यावर घरचीच माणसं उरली. वहिनी, संतोष, मनी, मी, आणि मनीच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगणारी गौरी. संतोषनं घसा साफ केला. मला कळलं विषय कुठला निघणार. आपल्याकडं बाप गेला की बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायची, भावानं साडीचोळी करायची, ही रीतच पडलेली आहे. मीही दिली होती माझ्या वेळी, अण्णांच्या नावे, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं की द्यायची आहे का. संतोष बिचारा अवघडूनच बोलला, "ताई, तुझ्या सवडीनं एकदा तुळजापूरला जाऊन... म्हणजे घाई न्हाय." मग त्यानंच सांगून टाकलं की रस्त्याकडच्या तुकड्यासाठी एकजण विचारतोय, धाब्याला. वहिनींनी मान वर केली नाही. भाच्याला ओरडायचं, की त्याच्या बापासारखं तूही आयुष्य त्या अर्ध्या एकरावर घाल म्हणून सांगायचं? माझ्यात तेवढा जोर उरला नव्हता.

मनीनं गौरीचं डोकं हळूच उशीवर ठेवलं. म्हणाली, "सोडते की. घर तुझं, वरचं रान तुझं, हीर तुझी. कुठं सही करायची तिथं करते. फकस्त ती पड माझ्या नावावर कर."

कुणालाच काही कळेना. इतक्या वर्षांत जिनं या घरातून तांदळाचा दाणा नेला नाही, ती जमीन मागत होती. आणि मागून मागितलं काय, तर ज्यात कुसळ उगवू द्यायचं नाही तो तुकडा.

"ताई," संतोष म्हणाला, "तिथं पिकणार काय हाय?"

"काय पिकू नये म्हणूनच पायजे," मनी म्हणाली. "ती माती अण्णांनी माझ्यासाठीच काढली हुती."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. बाप गेल्यापासून मनी रडलेली मी बघितली नव्हती, तेव्हाही ती रडली नाही. ती उठली, कोपऱ्यातली कुदळ आणि घमेलं उचललं आणि संतोषला म्हणाली, चल, पाऊस तोंडावर आलाय, बिळं कुठं कुठं पडल्यात ते मला दाव.